अरब–इस्रायल संघर्ष आणि बाहेरून आलेली शस्त्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाझा, लेबनॉन किंवा इराणची बातमी तापली की हेच प्रश्न पुन्हा येतात. सोपे आधी घेतले आहेत, किचकट शेवटी. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. १९४८ साली इस्रायलला शस्त्रं अमेरिकेनेच दिली ना?

नाही. अमेरिकेने डिसेंबर १९४७ मध्येच दोन्ही बाजूंवर शस्त्रबंदी घातली होती. २९ मे १९४८ रोजी सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक ५० ने सगळ्याच देशांना पुरवठा थांबवायला सांगितलं. इस्रायलच्या मदतीला आला तो चेकोस्लोव्हाकिया, तोही मॉस्कोच्या संमतीने. स्टालिनला ब्रिटनचा त्या भागातला पाय उखडायचा होता आणि प्रागला डॉलर हवे होते.

रायफली, मशिनगन, काडतुसं आणि २५ अविया एस-१९९ लढाऊ विमानं असा तो सौदा होता. विमानं सुटी करून झातेत्सच्या धावपट्टीवरून मालवाहू विमानांत भरून नेली. हे एस-१९९ म्हणजे जर्मन मेसरश्मिटचा सांगाडा. मूळ इंजिन मिळेना म्हणून त्यावर बॉम्बफेकी विमानाचं जड युंकर्स इंजिन बसवलेलं. धावपट्टीवर वेग घेताना ते एका बाजूला ओढ घ्यायचं, त्यामुळे चढता-उतरताना अपघात ठरलेले. चेक वैमानिक त्याला ‘खेचर’ म्हणायचे. तरीही २९ मे रोजी अश्दोदजवळ चार विमानांनी इजिप्तच्या तुकडीवर झडप घातली. नुकसान किरकोळ झालं, पण इस्रायलकडे विमानं आहेत हेच इजिप्तला माहीत नसल्याने आगेकूच तिथे अडली.

चेक मंडळी सिरियालाही शस्त्रं विकत होती, हे सहसा सांगितलं जात नाही. सिरियासाठी निघालेल्या रायफलींचं ‘लिनो’ जहाज ज्यू घातपात्यांनी एप्रिल १९४८ मध्ये इटलीच्या बारी बंदरात बुडवलं. माल बाहेर काढून दुसऱ्या जहाजात भरला, तर तेही समुद्रात पकडून शस्त्रं इस्रायलला नेली.

२. मग अरब सैन्यांकडे कुणाची शस्त्रं होती?

इजिप्त, इराक आणि ट्रान्सजॉर्डनकडे ब्रिटनची, सिरिया-लेबनॉनकडे फ्रेंचांनी मागे ठेवलेली. सगळ्यात सक्षम सेना ट्रान्सजॉर्डनची ‘अरब लीजन’. तिचा प्रमुख जॉन ग्लब हा ब्रिटिश अधिकारी, पगाराचा पैसा ब्रिटनचा आणि तोफगोळेही ब्रिटनचेच. ब्रिटनने शस्त्रबंदी पाळली आणि लीजनचा दारूगोळा आटला. एकच बंदी दोघांवर; पण एकाकडे चोरवाट होती आणि दुसऱ्याचा दुकानदार कायदा पाळणारा निघाला. शस्त्रबंदी कुणाला जाचेल हे बंदीच्या मजकुरापेक्षा पर्यायी पुरवठादारावर ठरतं. हे पुढेही दिसेल.

३. इजिप्तचा नेता नासेर सोव्हिएत गोटात का गेला?

१९५० च्या त्रिपक्षीय घोषणेनुसार अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स दोन्ही बाजूंना शस्त्रं मोजूनमापून देणार होते. २८ फेब्रुवारी १९५५ च्या गाझावरच्या इस्रायली छाप्याने इजिप्तच्या सैन्याचा दुबळेपणा उघडा पडला. पश्चिमेकडून शस्त्रं मिळत होती ती थोडी आणि अटींसह. २७ सप्टेंबर १९५५ रोजी नासेरने चेकोस्लोव्हाकियाशी सौदा झाल्याचं जाहीर केलं. नाव प्रागचं, माल मॉस्कोचा: मिग-१५, इल्यूशिन-२८ बॉम्बफेकी विमानं, रणगाडे. किंमत बरीचशी कापसात फेडायची होती, आणि डॉलरची चणचण असलेल्या इजिप्तला हे सोयीचं होतं. सात वर्षांपूर्वी इस्रायलला शस्त्रं देणारा प्रागच आता समोरच्या बाजूला उभा होता.

४. फ्रान्स एकेकाळी इस्रायलचा मुख्य पुरवठादार होता, हे खरं का? मग बिनसलं कशावरून?

खरं आहे. अल्जीरियातल्या बंडाला नासेर फूस लावतो असा पॅरिसचा समज होता, म्हणून शत्रूचा शत्रू तो मित्र. ऑक्टोबर १९५६ मध्ये सेव्र इथे फ्रान्स, ब्रिटन आणि इस्रायलने गुप्त करार केला आणि २९ तारखेला इस्रायल इजिप्तच्या सिनायमध्ये घुसलं. इस्रायलमधली दिमोनाची अणुभट्टी फ्रेंच मदतीने उभी राहिली. तिच्यासाठीचं २० टन जड पाणी नॉर्वेचं, ब्रिटनमार्गे आलेलं. १९६७ च्या जूनमध्ये इजिप्तची विमानं जमिनीवरच उडवणारी मिराज, मिस्टेअर आणि उरागां ही विमानंही फ्रेंचच.

१९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर फ्रान्सचे अध्यक्ष द गॉलना अरब जगाशी जुळवून घ्यायचं होतं. युद्धाच्या तोंडावर, २ जून १९६७ रोजी त्यांनी शस्त्रबंदी लावली. डिसेंबर १९६८ मध्ये इस्रायलने बैरूत विमानतळावर छापा घातल्यावर ती जानेवारी १९६९ मध्ये पूर्ण झाली. पैसे भरलेली ५० मिराज-५ विमानं फ्रान्समध्येच राहिली आणि अखेर फ्रेंच हवाई दलात गेली.

फ्रान्सच्या शेरबूर बंदरातल्या गोदीतल्या पाच क्षेपणास्त्र नौका मात्र इस्रायलने नेल्याच. कागदोपत्री त्या नॉर्वेची म्हणवणाऱ्या एका कंपनीला, तेलविहिरींच्या कामासाठी विकल्याचं दाखवलं. १९६९ च्या नाताळच्या रात्री, वादळ जरा निवळताच, त्या गुपचूप निघाल्या आणि वर्षअखेर हैफाला लागल्या. विमानांचा प्रश्न इस्रायलने वेगळ्या वाटेने सोडवला: मिराजवरून नेशेर, आणि पुढे त्याच सांगाड्यात अमेरिकी जे-७९ इंजिन घालून क्फीर. हे इंजिन पुढे कसं नडलं ते प्रश्न १२ मध्ये.

५. अमेरिका या व्यवहारात नेमकी कधी उतरली?

पायरी पायरीने. १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडींनी हॉक विमानवेधी क्षेपणास्त्रांना मंजुरी दिली, ‘बचावाची शस्त्रं’ म्हणून. अमेरिकी एम-४८ रणगाडे आधी पश्चिम जर्मनीमार्फत गुपचूप जात होते. १९६५ मध्ये गौप्यस्फोट झाल्यावर जर्मनीने अंग काढून घेतलं आणि राहिलेले अमेरिकेने दिले. १९६६ मध्ये स्कायहॉक आणि १९६८ मध्ये फॅन्टम विमानांचे करार झाले. पहिली फॅन्टम सप्टेंबर १९६९ मध्ये पोचली. १९६७ चं युद्ध इस्रायलने ‘अमेरिकी शस्त्रांनी’ जिंकलं असं लिहिलेलं दिसलं, तर ते चूक आहे.

६. १९७३ चा अमेरिकी ‘हवाई पूल’ काय होता? त्याने युद्ध फिरवलं का?

६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त आणि सिरियाने एकाच वेळी हल्ला केला. पहिल्या काही दिवसांतच इस्रायलने विमानं, रणगाडे आणि दारूगोळा इतक्या वेगाने गमावला की साठा पुरेना. सोव्हिएत विमानं ९–१० ऑक्टोबरपासून दमास्कस आणि कैरोला माल उतरवू लागली होती. अमेरिकेने आधी इस्रायलच्या नागरी विमानांना माल उचलू दिला. खासगी मालवाहू कंपन्या भाड्याने घ्यायचा बेत फसला, कारण युद्धक्षेत्रात विमान पाठवायला कुणी तयार होईना. मग अमेरिकी हवाई दलाची सी-१४१ आणि सी-५ ही मालवाहू विमानं निघाली; तोच हा ‘हवाई पूल’. पहिलं सी-५ इस्रायलच्या लोद विमानतळावर १४ ऑक्टोबरला उतरलं.

खरी अडचण वाटेत उतरायची होती. त्या काळच्या सी-१४१ मध्ये हवेत इंधन भरण्याची सोय नव्हती. तेलाच्या धाकाने बहुतेक युरोपीय मित्रांनी तळ नाकारले. उरला पोर्तुगालचा, आझोर्स बेटांवरचा लाजेस तळ. तिथून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून आत शिरून, दोन्ही किनाऱ्यांच्या हवाई हद्दी टाळत भूमध्य समुद्राच्या मधोमध उडायचं. लाजेस मिळाला नसता तर सी-१४१ चा उपयोग झालाच नसता.

१४ नोव्हेंबरपर्यंत ५६७ फेऱ्यांत २२,३२५ टन माल पोचला. इस्रायलच्या एल अल कंपनीच्या विमानांनी साधारण साडेपाच हजार टन आणला तो वेगळा. रणगाडे विमानाने अगदी मोजके आले. ते काम जहाजांचं, आणि जहाजं पोचली तोवर लढाई संपली होती. फॅन्टम आणि स्कायहॉक मात्र थेट उडत आली.

युद्ध फिरलं का? आमच्या मते पुलाचा मोठा परिणाम गोदामात झाला. पाठीमागून माल येतोय हे कळल्यावर सेनापतींना राखीव गोळे मोजत बसावं लागलं नाही. गोलानमधला सिरियाचा रेटा पहिलं सी-५ उतरायच्या आधीच मोडला होता. दुसरीकडे, अध्यक्ष निक्सननी काँग्रेसकडे (अमेरिकी संसदेकडे) इस्रायलसाठी २.२ अब्ज डॉलर मागितल्यावर अरब देशांनी अमेरिकेवर तेलबंदी घातली आणि तेलाचा भाव काही महिन्यांत पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ च्या आसपास गेला.

७. अरबांची सोव्हिएत शस्त्रं निकृष्ट होती म्हणून ते हरले, हे कितपत बरोबर?

फारसं नाही. १९७३ मध्ये सॅगर या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राने इस्रायली चिलखती दलाची पहिल्या तीन दिवसांत दाणादाण उडवली. एका सैनिकाने पाठीवर न्यायची पेटी, तिचं झाकण हाच प्रक्षेपणाचा तळ, क्षेपणास्त्राचं वजन जेमतेम ११ किलो. मारा ५०० मीटर ते ३ किलोमीटर. मागे तार उलगडत जायची आणि नेमबाज १५ मीटरपर्यंत बाजूला लपून छोट्या दांडीने त्याला वळवायचा. तीन किलोमीटर जायला पंचवीसेक सेकंद लागत. तेवढा वेळ नजर लक्ष्यावर आणि हात दांडीवर स्थिर हवा. म्हणून इजिप्तने नेमबाजांकडून सिम्युलेटरवर अखंड सराव करून घेतला होता.

उताराही याच सेकंदांत सापडला. धूर दिसला की रणगाड्याने जागा सोडायची आणि शेजारच्याने त्या दिशेला मशिनगन सुरू करायची. नेमबाज दचकला की क्षेपणास्त्र जमिनीत. शिवाय तोफखाना आणि पायदळ सोबत ठेवायचं, जे इस्रायलने आधी केलं नव्हतं.

विमानवेधी सॅम-६ बद्दलही हेच. सुएझ कालव्यालगत त्याची छत्री होती तोवर इस्रायली हवाई दल हतबल होतं. सिरियावरचा ताण कमी करायला १४ ऑक्टोबरला इजिप्तचे रणगाडे त्या छत्रीबाहेर पडले आणि एका दिवसात सुमारे २५० गमावून बसले. शस्त्र तेच, फक्त ते जिथे उपयोगी होतं तिथून पुढे नेलं गेलं.

१९८२ ची लेबनॉनच्या बेका खोऱ्यातली गोष्ट वेगळी. ९ जूनला इस्रायलने चालकविरहित विमानं पाठवून सिरियाची रडारं सुरू करायला लावली आणि १९ पैकी १७ क्षेपणास्त्र-ठाणी उडवली. ठाणी महिनोन्‌महिने एकाच जागी ठेवलेली होती. त्यानंतर मॉस्कोने सॅम-५ पाठवली, ती मात्र स्वतःच्या माणसांसकट.

८. सोव्हिएत सैनिक स्वतः लढले का?

हो. १९७० मध्ये सुएझ कालव्यावर सोव्हिएत क्षेपणास्त्र-तुकड्या आणि वैमानिक तैनात होते. ३० जुलै १९७० रोजी इस्रायलने सोव्हिएत वैमानिकांची पाच मिग-२१ पाडली. दोन्ही बाजूंनी त्याचा गाजावाजा टाळला. जुलै १९७२ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादातनी हजारो सोव्हिएत सल्लागारांना घरी पाठवलं. इतकं करूनही १९७३ मध्ये सोव्हिएत हवाई पूल इजिप्तला आलाच. पुरवठादारालाही गिऱ्हाईक सोडवत नाही.

९. शत्रूची पकडलेली शस्त्रं वापरता येतात का?

येतात, पण दारूगोळा आणि सुटे भाग कुठून आणायचे हा प्रश्न उरतो. इस्रायलने शेकडो टी-५४/५५ रणगाडे पकडले, ‘तिरान’ नावाने वापरात घेतले, त्यांतल्या बऱ्याच रणगाड्यांवर पाश्चात्त्य १०५ मिमी तोफ बसवली. पुढे त्याच सांगाड्यांपासून ‘अखझारित’ ही सैनिक नेणारी जड चिलखती गाडी केली. ऑगस्ट १९६६ मध्ये इराकी वैमानिक मुनीर रेदफा मिग-२१ घेऊन इस्रायलमध्ये उतरला. ते विमान अभ्यासासाठी अमेरिकेलाही दिलं गेलं. डिसेंबर १९६९ मध्ये तर इजिप्तचं एक अख्खं सोव्हिएत रडार हेलिकॉप्टरला टांगून आणलं.

१०. अमेरिकेचे वर्षाला ३.८ अब्ज डॉलर इस्रायलला रोख मिळतात का?

खात्यात जमा होतात, पण हवे तसे खर्चता येत नाहीत. २०१६ चा करार २०१९ ते २०२८ या दहा आर्थिक वर्षांसाठी ३८ अब्ज डॉलरचा आहे: ३३ अब्ज शस्त्रखरेदीचं अनुदान, ५ अब्ज क्षेपणास्त्र-संरक्षणासाठी. क्रम असा: काँग्रेस दरवर्षी रक्कम मंजूर करते, अनुदान वर्षाच्या सुरुवातीलाच एकरकमी, व्याज देणाऱ्या खात्यात जातं (इतर देशांना ते टप्प्याटप्प्याने मिळतं), इस्रायल मागणीपत्र देतं, किंमत आणि अटींचं पत्र येतं, ठरावीक रकमेवरचा सौदा असेल तर काँग्रेसला सूचना जाते, मग उत्पादन. मोठ्या विमानाच्या बाबतीत मागणी ते ताबा यात सहज काही वर्षं जातात.

पूर्वी या अनुदानाचा सुमारे एक चतुर्थांश भाग इस्रायलमधल्याच कंपन्यांवर खर्चता येत असे. २०१६ च्या करारानुसार ती सवलत २०२८ पर्यंत शून्यावर येतेय. म्हणजे पैसा जवळजवळ सगळा अमेरिकी कारखान्यांत परततो. छोट्या इस्रायली पुरवठादारांना हे झोंबलं. काहींनी अमेरिकेत उपकंपन्या काढल्या.

याखेरीज इस्रायलमध्ये अमेरिकेचा स्वतःचा युद्धसाठा आहे. तो अमेरिकेच्या मालकीचा, पण गरजेला इस्रायलला उघडून देता येतो. २००६ आणि २०१४ मध्ये तसं झालं. २०२३ मध्ये उलटं घडलं: त्यातले १५५ मिमीचे लाखो गोळे युक्रेनकडे गेले.

११. मग इजिप्तलाही अमेरिका शस्त्रं का देते?

१९७९ च्या शांतता करारामुळे. १९८७ पासून इजिप्तसाठी वर्षाला १.३ अब्ज डॉलरचं लष्करी अनुदान ठरलेलं आहे, त्यातला काही भाग मानवी हक्कांच्या कारणावरून अधूनमधून अडकतो. एम-१ रणगाड्यांची जुळणी कैरोजवळ होते. पण इस्रायलची गुणात्मक आघाडी (शेजाऱ्यांपेक्षा सरस शस्त्रं) टिकलीच पाहिजे असं अमेरिकी कायदा २००८ पासून सांगतो. म्हणून इजिप्तच्या एफ-१६ विमानांना नजरेपलीकडच्या विमानावर मारा करणारी आम्राम क्षेपणास्त्रं मिळाली नाहीत. इजिप्तने २०१५ मध्ये फ्रान्सची २४ राफेल घेतली, त्यामागे एकाच दुकानावर विसंबायचं नाही हा हिशेब उघड दिसतो.

१२. पुरवठादार देश शस्त्रं रोखू शकतो का? रोखली तर परिणाम होतो का?

रोखू शकतो, आणि रोखलीही आहेत. जून १९८१ मध्ये इराकच्या ओसिराक अणुभट्टीवरच्या इस्रायली हल्ल्यानंतर अमेरिकेने एफ-१६ ची खेप काही आठवडे अडवली. १९८२ मध्ये लेबनॉनमधल्या वापरावरून क्लस्टर बॉम्ब थांबवले. मे २०२४ मध्ये बायडेननी २,००० पौंडी १,८०० आणि ५०० पौंडी १,७०० बॉम्बची एक खेप रोखली. ५०० पौंडी जुलैमध्ये सुटले, मोठे जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पनी सोडले. उलट डिसेंबर २०२३ मध्ये ‘तातडी’ दाखवून सुमारे १४,००० रणगाडा-गोळे काँग्रेसच्या छाननीशिवाय विकले गेले.

ब्रिटनने सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलसाठीच्या ३५० शस्त्रनिर्यात परवान्यांपैकी साधारण ३० स्थगित केले. मेख अशी की एफ-३५ चे भाग जागतिक साठ्यात जातात आणि तिथून कुठल्या देशाला जातील ते वेगळं काढता येत नाही, म्हणून ते वगळले. जर्मनीने ऑगस्ट २०२५ मध्ये गाझात वापरता येईल अशा साहित्याचे नवे परवाने थांबवले आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू केले.

लगाम विक्रीनंतरही सुटत नाही. क्फीरमध्ये अमेरिकी इंजिन असल्याने १९७७ मध्ये कार्टर प्रशासनाने इक्वेडोरला होणारी त्याची विक्री अडवली. जर्मनीला इस्रायलची क्षेपणास्त्रवेधी अ‍ॅरो-३ यंत्रणा विकायलाही २०२३ मध्ये अमेरिकेची परवानगी लागली, कारण ती यंत्रणा अमेरिकी पैशातून झालेली.

परिणाम होतो तो साठ्यावर आणि वेळापत्रकावर. चालू मोहीम निव्वळ एका अडवलेल्या खेपेने थांबल्याचं उदाहरण आम्हाला तरी दिसत नाही. दोन-तीन देशांनी एकदम सुटे भाग रोखले तर चित्र वेगळं असेल.

१३. इराण अरब नाही. मग तो यात कसा?

१९७९ च्या क्रांतीपर्यंत इराण इस्रायलचा मित्र होता. क्रांतीनंतरही, १९८५ मध्ये, इस्रायलच्या साठ्यातली अमेरिकी टाऊ ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं लेबनॉनमधल्या अमेरिकी ओलिसांच्या बदल्यात इराणला गेली. आज इराण हिजबुल्ला, हमास आणि येमेनमधले हुती यांना पैसा, रॉकेटं आणि ती बनवायचं ज्ञान पुरवतो. मुख्य वाट इराक–सिरियामार्गे लेबनॉनला जायची. ८ डिसेंबर २०२४ ला सिरियातली असद राजवट पडल्यावर ती तुटली. समुद्री वाटही होती: जानेवारी २००२ मध्ये लाल समुद्रात ‘करीन ए’ जहाजावर सुमारे ५० टन शस्त्रं सापडली.

शस्त्र हात बदलतं ते इथे नीट दिसतं. रशियाने सिरियाला विकलेली कॉर्नेट ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं २००६ मध्ये हिजबुल्लाने इस्रायली मेरकावा रणगाड्यांवर डागली. अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र (माल दुसऱ्याला देणार नाही ही खरेदीदाराची हमी) कागदावर असतं. सीमेपलीकडे ट्रक गेला की ते तपासायला कुणी नसतं.

१४. आयर्न डोम अमेरिकेने बनवलं का?

ही रॉकेटं हवेतच पाडणारी यंत्रणा बनवली इस्रायलच्या राफाएल कंपनीने; २०११ पासून मोठा पैसा अमेरिकेचा, आणि त्याबदल्यात काही उत्पादन अमेरिकेत. पल्ला ४ ते ७० किलोमीटर, एका प्रक्षेपकात २० क्षेपणास्त्रं. येणारं रॉकेट मोकळ्या रानात पडणार असेल तर ते सोडून देतात. बचत तिथेच होते. दुबळी बाजू म्हणजे एकाच वेळी झालेला भडिमार आणि संपणारा साठा. इराणच्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांना आयर्न डोम पुरत नाही. ते काम अ‍ॅरोचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने क्षेपणास्त्रवेधी थाड यंत्रणा सुमारे १०० सैनिकांसह पाठवली ती याच साठी.

१५. भारताचा, महाराष्ट्राचा यात संबंध येतो का?

येतो. भारत–इस्रायलने मिळून केलेलं बराक-८ क्षेपणास्त्र माझगाव गोदीत बांधलेल्या आयएनएस कोलकातावर आहे, आणि पुण्याच्या कल्याणी समूहाची राफाएलशी हैदराबादेत भागीदारी आहे. इस्रायली कंपन्यांना हे बाहेरचं गिऱ्हाईक महत्त्वाचं, कारण घरची मागणी लहान आहे. दुसरा धागा तोट्याचा: नोव्हेंबर २०२३ पासून हुतींनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर न्हावा-शेवाहून युरोपला जाणारी नाशिकची द्राक्षं केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेली. भाडं वाढलं, प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला.

१६. एकाच सौद्याचे आकडे प्रत्येक बातमीत वेगळे का असतात?

कारण तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. काँग्रेसला कळवलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. करार बहुधा त्याहून कमी रकमेचा होतो. आणि प्रत्यक्ष माल अनेक वर्षांत पोचतो. ‘अमुक अब्जांची शस्त्रं रवाना’ अशी ओळ दिसली की आधी बघा, ही सूचना आहे, करार आहे की पोचपावती.

स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचे आकडे तर पैशाचे नसतातच. त्या संस्थेने ठरवलेल्या एककात ते शस्त्राची लष्करी क्षमता मोजतात, आणि फक्त मोठी शस्त्रं धरतात. रायफली, काडतुसं आणि बहुतांश तोफगोळे त्यात येत नाहीत. म्हणून प्रश्न १ मधल्या चेक रायफली किंवा प्रश्न १० मधले १५५ मिमीचे गोळे त्या तक्त्यांत शोधू नका.